मारिकाना, साडेबारा हजार रँड आणि युनियन नक्की कोणाची

भूस्तर
नमस्कार मंडळी. संपांवरच्या धाग्यात मी एका ओळीत मारिकानाचा उल्लेख केला होता, त्यावर दोघातिघांनी विचारलं की हे काय प्रकरण, सविस्तर लिहा. लिहायला वेळ लागला कारण विषय माझ्या फार जवळचा आहे. मी २००९ पासून रस्टेनबर्गला आहे, दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतात, प्लॅटिनमच्या खाणीत सर्व्हेचं काम. कंपनीचं नाव लिहीत नाही.

आधी खाण कशी असते ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्लॅटिनमचा थर जेमतेम मीटरभर जाडीचा आणि तिरका खाली उतरत जाणारा, त्यामुळे दगड फोडायची जागा पण तेवढीच उंच, पूर्ण पाळीत माणसाला ताठ उभं राहता येत नाही. तिथे रॉक ड्रिल ऑपरेटर गुडघ्यांवर नाहीतर बसून, पंचवीस किलोच्या आसपासचं मशीन पायाने रेटत सुरुंगाची भोकं पाडतो. अंगावर पाणी, गरम हवा, कान फुटेल असा आवाज. वर आल्यावर तासभर त्यांच्या हातांचा थरकाप जात नाही, मी माणसं बघितलीयत चहाचा मग दोन्ही हातांनी धरून पिणारी. सगळी खाण या माणसावर चालते, त्याने भोकं पाडली नाहीत तर पुढच्या पाळीला उचलायला दगडच नाही. आणि पगाराच्या उतरंडीत तो जवळजवळ तळाला.

यातले बरेच जण ईस्टर्न केपमधल्या पोंडोलँडचे, नाहीतर लेसोथो आणि मोझांबिकचे. म्हणजे घर हजार किलोमीटर लांब आणि इकडे पत्र्याची खोली. एकदा एकाने मला पगाराची स्लिप दाखवून विचारलं की साहेब हे शेवटचे आकडे कसले. मूळ पगार, मग राहण्याचा भत्ता, मग कपात. युनियनची वर्गणी, अंत्यविधीची पॉलिसी, आणि त्याखाली कोर्टाच्या दोन जप्ती, सावकारी कर्जाच्या, ज्या परस्पर पगारातून कापल्या जायच्या. कोर्ट होतं दुसऱ्याच प्रांतात, तो तिथे कधी गेलाच नव्हता. गावी एक बायको-मुलं आणि इकडे दुसरा संसार, दोन्हीकडे पैसे पाठवायचे. त्या स्लिपवर तळाला जे उरलं होतं ते बघून मला पुढे काय बोलावं सुचेना.

ऑगस्ट २०१२ मध्ये इथून जवळच मारिकानाला लोनमिन कंपनीच्या रॉक ड्रिलवाल्यांनी महिना १२,५०० रँड मागितले आणि काम बंद केलं. १६ ऑगस्टला, गुरुवार होता, पोलिसांनी ३४ जणांना गोळ्या घातल्या. वर्णद्वेषी राजवट जाऊन १८ वर्षं झाली होती, सरकार मंडेलांच्या पक्षाचं होतं आणि खाणीतली मान्यताप्राप्त युनियन त्याच पक्षाच्या घरातली. मला बोलायचंय ते या शेवटच्या गोष्टीबद्दल. आपल्याच युनियनला टाळून माणसं टेकडीवर जाऊन का बसली?

लालबागची_लेक
वाचताना काटा आला अंगावर. माझे बाबा गिरणीत होते, साच्यावर. "मान्यताप्राप्त युनियन सत्ताधारी पक्षाच्या घरातली" हे वाक्य आमच्या घरात कोणाला समजावून सांगायला लागणार नाही. आमच्याकडे राष्ट्रीय मिल मजदूर संघ होता, काँग्रेसचा, आणि १९४६ च्या बीआयआर म्हणजे मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने तोच एकटा कामगारांच्या वतीने बोलणार. वर्गणी वसूल करायला माणूस यायचा, तक्रार घेऊन गेलं की भेटायचा नाही असं बाबा सांगायचे. म्हणून तर लोक डॉक्टर सामंतांकडे गेले आणि १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख माणूस बाहेर पडला.

भूस्तर, मला हे विचारायचंय की तिथली युनियन मुळात कशी होती? म्हणजे पहिल्यापासूनच मालकधार्जिणी की आधी लढलेली?

भूस्तर
लढलेली, आणि जबरदस्त लढलेली. त्रास त्याचाच होतो. एनयूएम म्हणजे नॅशनल युनियन ऑफ माइनवर्कर्स १९८२ ची, हो, तुमच्या संपाचंच वर्ष. पहिले सरचिटणीस सिरिल रामाफोसा, तेव्हा जेमतेम तिशीचे, कायदा शिकलेले. १९८७ ला तीन आठवड्यांचा संप, तीनेक लाख खाण कामगार बाहेर, एकट्या अँग्लो अमेरिकनने ५० हजारांच्या आसपास माणसं काढून टाकली. त्या काळात युनियनचं कार्ड खिशात असणं म्हणजे नोकरी, झोपायची जागा आणि प्रसंगी जीव, सगळंच पणाला. कोसाटू ही युनियनांची मोठी संघटना १९८५ ला डर्बनला झाली त्यातही हेच पुढे होते.

मग १९९४ नंतर हळूहळू गाडी बदलली. युनियनचे पूर्णवेळ प्रतिनिधी कंपनीच्या पगारावर आले, आणि पगार कुठल्या श्रेणीत, तर ऑफिसवाल्यांच्या. म्हणजे काल मशीन रेटणारा माणूस निवडून आला की त्याला टेबल, फोन, पगार दुप्पट. निवडणूक हरला की परत खाली त्या मीटरभर उंचीच्या बिळात. आता असा माणूस कोणाला सांभाळेल? मी त्यांना वाईट म्हणत नाहीये, मी त्यांच्या जागी असतो तर मलाही परत खाली जावंसं वाटलं नसतं. पण गडबड तिथेच झाली. शिवाय वरच्या, थोड्या शिकलेल्या श्रेणीतले सभासद वाढत गेले आणि रॉक ड्रिलवाल्यांचं ऐकून घेणारं कोणी उरलं नाही.

चाकणकर
मी चाकणला आयआरमध्ये (औद्योगिक संबंध) आहे म्हणजे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, कंपनीकडून, तरी प्रामाणिकपणे विचारतो. करार चालू असताना संप केला तर तो कुठेही बेकायदेशीरच धरतात ना? तिकडे नोटीस वगैरे काय पद्धत आहे? आणि गोळीबाराआधी सुद्धा माणसं मेली होती, त्यात पोलीस आणि सिक्युरिटी गार्डही होते असं वाचलंय. ते पण यायला हवं धाग्यात.

भूस्तर
बरोबर, यायलाच हवं. त्या आठवड्यात १६ तारखेच्या आधी दहा जण मारले गेले, त्यात दोन गार्ड, दोन पोलीस, बाकी कामगार. संपकऱ्यांच्या हातात काठ्या, भाले, कोयते होते आणि कामावर जाणाऱ्यांना धमकावलं, मारलं हेही खरं. जे गेले त्यांच्याही घरी बायका-मुलं होती.

कायद्याचं सांगतो. इथला १९९५ चा लेबर रिलेशन्स अ‍ॅक्ट तसा चांगला आहे. वाद आधी सीसीएमएकडे न्यायचा, ही सरकारी खर्चाने चालणारी पण स्वतंत्र लवाद संस्था, कामगाराला फी नाही. ३० दिवसांत तोडगा नाही निघाला तर ४८ तासांची नोटीस देऊन संप करता येतो आणि मग संपासाठी कामावरून काढता येत नाही. हा संरक्षित संप. ही पायरी चुकवली की संरक्षण गेलं. मारिकानाचा संप असा संरक्षण नसलेलाच होता.

पण त्याच कायद्यात बहुमतवाल्या युनियनला मालकाशी मिळून उंबरठा ठरवता येतो, की अमुक टक्के सभासद असतील तरच तुम्हाला आत प्रवेश. प्लॅटिनमच्या खाणींत तो उंबरठा इतका वर नेऊन ठेवला होता की दुसऱ्या युनियनला ऑफिस नाही, पगारातून वर्गणी कापणं नाही, वाटाघाटीत खुर्ची नाही. ज्याचं बहुमत त्याचं सगळं. मग ज्याला आतलं गाऱ्हाणं ऐकवायचंय त्याने जायचं कुठे?

२०१२ च्या सुरुवातीला शेजारच्या इम्पालाच्या खाणीत हे आधीच पेटलं होतं. कंपनीने सुरुंगाचा दाखला असलेल्या मायनरना १८ टक्के वाढ दिली, ते सोडून जाऊ नयेत म्हणून, आणि त्यांच्याच शेजारी बसून भोकं पाडणाऱ्यांना काही नाही. संप झाला, १७ हजारांच्या आसपास माणसं काढली, मग बहुतेकांना परत घेतलं आणि शेवटी वाढही दिली. आता हे सगळं लोनमिनचे कामगार बघत होते. त्यांना सरळ दिसलं की युनियनला बाजूला ठेवून गेलं तर पैसे मिळतात.

१० ऑगस्टला ते थेट कंपनीच्या ऑफिसवर गेले. कंपनी म्हणाली युनियनमार्फत या. ११ तारखेला ते युनियनच्या ऑफिसवर मोर्चा घेऊन गेले आणि तिथून त्यांच्यावर गोळ्या सुटल्या, दोघं जखमी झाले. त्यानंतर ते जवळच्या टेकडीवर जाऊन बसले. १५ तारखेला एनयूएमचे अध्यक्ष बोलायला आले ते पोलिसांच्या चिलखती गाडीतून, आणि लोकांनी ऐकायला नकार दिला. तुम्हीच सांगा, आपला पुढारी पोलिसांच्या गाडीत बसून आपल्याशी बोलतोय, काय वाटेल?

लालबागची_लेक
काय वाटेल ते लिहिता येणार नाही इथे.

मग ती दुसरी युनियन कोणती होती? सामंतांसारखं कोणी होतं का?

भूस्तर
अ‍ॅम्कू, खाण आणि बांधकाम कामगारांची. एनयूएममधूनच १९९८ ला फुटून निघालेली, जोसेफ मथुंजवा त्यांचे पुढारी. पण मारिकानाचा संप अ‍ॅम्कूने पुकारला नव्हता, तो कामगारांनी स्वतःच समिती करून केला. मथुंजवा १६ तारखेला दुपारी टेकडीवर आले आणि अक्षरशः गुडघ्यांवर बसून विनवत होते की इथून निघा, नाहीतर मारतील. त्याचं चित्रण आहे, मी बघितलंय. त्यानंतर थोड्याच वेळात गोळीबार.

पहिल्या जागी १७ पडले, ते टीव्हीवर सगळ्या जगाने पाहिलं. दुसऱ्या जागी, खडकांच्या छोट्या टेकाडात, आणखी १७, आणि तिथे कॅमेरे नव्हते. ती माणसं पळून लपलेली होती. दुखापत झालेले ७८. वर अटक झालेल्या २७० जणांवर आपल्याच ३४ साथीदारांच्या खुनाचा आरोप ठेवला, वर्णद्वेषी काळात चालायची ती "सामायिक हेतू"ची (म्हणजे जमावातल्या कोणी काही केलं तरी सगळेच दोषी) कायदेशीर युक्ती वापरून, मग ओरड झाल्यावर मागे घेतला. हिरवं ब्लँकेट पांघरलेला जो तरुण पुढारी सगळ्यांच्या लक्षात राहिला तो मगसिनेनी नोकी, तोही पहिल्याच जागी गेला.

आणि रामाफोसा त्या वेळी लोनमिनच्या संचालक मंडळावर होते. आदल्या दिवशीच्या त्यांच्या ईमेलमध्ये हा साधा कामगार वाद नसून गुन्हेगारी आहे आणि त्याला साजेशी कारवाई व्हावी असा सूर होता. या गोळीबाराच्या चौकशीसाठी नेमलेल्या फार्लम आयोगाने २०१५ च्या अहवालात त्यांच्यावर ठपका ठेवला नाही, हे नमूद करायला पाहिजे. २०१७ ला त्यांनी त्या भाषेबद्दल माफीही मागितली. २०१८ ला ते राष्ट्राध्यक्ष झाले. मी कायद्याच्या दोषाबद्दल बोलतच नाहीये. ज्याने ती युनियन हाताने बांधली तो तीस वर्षांनी टेबलाच्या त्या बाजूला होता, एवढंच मला पचत नाही.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. कंपनीने कामगारांसाठी ५,५०० घरं बांधायचं लेखी मान्य केलं होतं, खाणीच्या परवान्यासाठी. बांधली तीन. नमुन्याची घरं.

ऋतुजा_डर्बन
फार छान लिहिताय भूस्तर. मी डर्बनला १४ वर्षं आहे, आमच्या बाजूची भर घालते.

इथे ९ जानेवारी १९७३ ला कॉरोनेशन नावाच्या विटांच्या कारखान्यात सकाळी दोनेक हजार माणूस मैदानात जमला आणि काम करायचं नाही म्हणून बसला. तेव्हा काळ्या कामगाराला कायद्याने "कामगार" ही व्याख्याच लागू नव्हती, त्याची नोंदणीकृत युनियन असूच शकत नव्हती. मालक म्हणाले प्रतिनिधी पाठवा, आपण बोलू. आणि लोकांनी नाही म्हणून सांगितलं, कारण जो पुढे येईल तो उद्या उचलला जाणार. जे बोलायचं ते सगळ्यांसमोर बोला. बघता बघता कापडगिरण्या, गोदी, नगरपालिका, हजारोंनी माणूस बाहेर. त्या रेट्यातूनच पुढे १९७९ ला सरकारला काळ्या युनियन मान्य कराव्या लागल्या. भूस्तर, तुमच्या टेकडीवर पण तेच दिसतंय मला, माणसांना मधला माणूस नको होता.

दुसरं, आपलं नातं. नाताळ प्रांतात १८६० पासून भारतीय गिरमिटिये आणले, ऊसमळ्यांवर, मग कोळशाच्या खाणींत. मुदत संपल्यावर राहायचं असेल तर वर्षाला तीन पौंडांचा कर. आपले गोपाळ कृष्ण गोखले १९१२ ला इथे आले होते, पंतप्रधान बोथा आणि मंत्री स्मट्सना भेटले आणि कर रद्द होईल अशी खात्री घेऊन परतले. तो शब्द पाळला गेला नाही. मग १९१३ ला नाताळमधल्याच न्यूकॅसलच्या खाणीतल्या मजुरांनी काम टाकलं आणि गांधीजींबरोबर दोन हजारांवर माणसं, त्यात सव्वाशे बायका आणि पन्नासेक पोरं, शेजारच्या ट्रान्सवाल प्रांताच्या हद्दीकडे चालत निघाली. १९१४ ला कर गेला. शाळेत आपण गोखले शिकलो ते सनद-अर्जवाले मवाळ म्हणून. इथे येऊन मला कळलं की त्यांच्या त्या दौऱ्याचा धागा थेट खाण मजुरांच्या संपापर्यंत जातो.

आता याच न्यूकॅसलची आजची गोष्ट. तिथे शिवणकामाचे कारखाने, बरेच चिनी-तैवानी मालकांचे. बार्गेनिंग कौन्सिलने म्हणजे मोठे मालक आणि युनियन यांनी मिळून ठरवलेलं किमान वेतन या छोट्या कारखान्यांनाही लागू, आणि ते परवडत नाही म्हणून हे कमी देतात. २०१० च्या सुमारास कारखान्यांना टाळं लावायची वेळ आली तेव्हा काही ठिकाणी शिवणाऱ्या बायकाच आडव्या आल्या, की कमी पगार चालेल पण मशीन बंद करू नका. युनियन म्हणते ही पिळवणूक, बाई म्हणते ही माझी चूल. मला आजही ठरवता येत नाही.

आकडेमोड
ऋतुजा, धाग्यातला सगळ्यात अवघड मुद्दा हाच आहे माझ्या मते. दक्षिण आफ्रिकेत अधिकृत बेकारी ३२ टक्क्यांच्या आसपास रेंगाळतेय, १५ ते २४ वयात तर साठीच्या घरात. अशा देशात युनियन कोणासाठी भांडते? जो आत आहे त्याच्यासाठी. बाहेर रांगेत उभा असलेला कोणाचा सभासद नाही. १९९४ ला आरडीपी म्हणजे घरं, वीज, पाणी यांचा मोठा कार्यक्रम आला, १९९६ लाच गिअर धोरण आलं, तूट कमी करा, व्यापार खुला करा. कोसाटूचा विरोध होता तरी युती सोडली नाही. आयात शुल्क उतरल्यावर कापड आणि कपड्यांच्या नोकऱ्या गेल्या. मग फक्त किमान वेतनावर खापर फोडणं बरोबर नाही हेही मान्य, पण त्याचा काहीच परिणाम नाही असंही म्हणू नका.

निफाडचा
आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. केपमधली हेक्स रिव्हरची द्राक्षं आणि आमची द्राक्षं युरोपात जानेवारी-फेब्रुवारीला एकाच फळीवर असतात, त्यामुळे तिकडच्या बातम्या आम्ही वाचतो. २०१२ च्या नोव्हेंबरला तिथे डी डुर्न्सला मजुरांनी संप केला, दिवसाला ६९ रँड मिळायचे, मागितले १५०. बागा जाळल्या, हायवे अडवला. मार्च २०१३ पासून सरकारने १०५ केले. यातही मोठ्या युनियनचा हात फार उशिरा लागला, मजूर स्वतःच उठले होते, हंगामी, बऱ्याच बायका. मी बागायतदार आहे, मजुरी वाढली की मला झळ बसते, पण ६९ रँडात घर चालत नाही हे कळायला युनियनवाला असायची गरज नाही. मात्र नंतर बागायतदारांनी कायमची माणसं कमी केली आणि हंगामाला ठेकेदाराकडून घ्यायला लागले, आकडेमोड म्हणतात ते तिथे दिसतं.

भूस्तर
आकडेमोड, तुमच्या भाषेत उत्तर देतो. देशभराचं किमान वेतन १ जानेवारी २०१९ पासून आलं, तासाला २० रँड. २०२५ ला २८.७९ झालं. आठवड्याला ४५ तास धरले तर महिना साडेपाच हजारांच्या आसपास. म्हणजे २०१२ ला त्या माणसांनी जे मागितलं त्याच्या निम्मंही आज किमान वेतनात मिळत नाही. बेकारी आहे म्हणून पगार खाली ठेवा हे सांगणं सोपं आहे, पण इथे एका पगारावर गावची आठ-दहा माणसं जगतात. पगार खाली आला तर बेकारांचीच भाकरी जाते कारण त्यांना पोसणारा तोच आहे.

चाकणकर
ठेकेदारीचं विचारतो. आमच्याकडे लाइनवर निम्म्याहून जास्त माणसं कंत्राटी, ट्रेनी, अप्रेंटिस. कोणत्याच युनियनमध्ये नाहीत. तिकडे?

भूस्तर
इथे त्याला लेबर ब्रोकर म्हणतात आणि या बाबतीत कायदा तुमच्यापेक्षा पुढे आहे. २०१५ पासून नियम असा की कमी पगाराचा माणूस ब्रोकरकडून तीन महिन्यांपेक्षा जास्त राबवला तर तो मूळ कंपनीचाच कामगार धरायचा आणि तिच्या माणसांपेक्षा वाईट वागवायचं नाही. नुम्सा ही धातू कामगारांची युनियन हे भांडण घटना न्यायालयापर्यंत घेऊन गेली आणि २०१८ ला जिंकली. हीच नुम्सा मारिकानानंतर म्हणाली की आम्ही एएनसीचा, म्हणजे मंडेलांच्या त्या पक्षाचा प्रचार करणार नाही, आणि २०१४ ला कोसाटूतून काढली गेली. २०१७ ला साफ्टू ही वेगळी संघटना झाली त्यात ते गेले. म्हणजे मारिकानाने नुसती एक युनियन नाही हलवली, सगळं घर फुटलं.

कॉपरबेल्ट
किटवेहून लिहितोय, झांबिया. आमच्याकडे तांब्याच्या खाणी. इथे उलटा प्रयोग झाला तो सांगतो. १९३५ ला लुआन्शाला पोलिसांनी सहा संपकरी खाण कामगार मारले, तिथपासूनची चळवळ. ती इतकी मोठी झाली की फ्रेडरिक चिलुबा, युनियन काँग्रेसचे अध्यक्ष, १९९१ ला सरळ देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कौंडा यांना हरवून. लोक रस्त्यावर नाचले होते म्हणे. आणि त्यांच्याच राज्यात सरकारी खाणी विकल्या गेल्या, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. खाण कंपनी आधी दवाखाना, घर, मैदान, सगळं बघायची, ते संपलं. इथल्या जुन्या माणसाशी बोललं की तो चिलुबांचं नाव घेत नाही, नुसता मान हलवतो. सत्तेत आपला माणूस पाठवून भागत नाही हे आम्हाला शिकायला दहा वर्षं लागली.

लालबागची_लेक
मग अ‍ॅम्कूचं पुढे काय झालं? सामंतांचा संप तर कधी मागेच घेतला नाही गेला, नुसता विरून गेला. बाबा म्हणायचे संप संपलाय हे आम्हाला चाळीतल्या भांड्यांवरून कळलं, एकेक विकायला निघाली.

भूस्तर
मारिकानाचा संप १८ सप्टेंबरला मिटला, ११ ते २२ टक्के वाढ. २०१४ ला अ‍ॅम्कूने तिन्ही मोठ्या प्लॅटिनम कंपन्यांत संप केला, जानेवारी ते जून, पाच महिने, सत्तर हजार माणूस. मी ते पाच महिने इथे होतो. संपाचा पगार नाही, त्यामुळे दुकानं ओस, टॅक्सीवाले रिकामे, शाळेची फी थकलेली, स्वयंसेवी लोक मक्याच्या पिठाच्या पिशव्या वाटत होते आणि रांगेत माझ्या ओळखीची माणसं उभी. बुडालेला पगार दहा अब्ज रँडच्या वर. मिळालं काय, तर तळाच्या लोकांना पहिली दोन वर्षं महिना हजार-हजार रँड वाढ. टक्क्यात न मागता सरळ रँडमध्ये मागितलं म्हणून तळाच्याला जास्त मिळालं, हे मला त्या युनियनचं खरं शहाणपण वाटतं.

पण बहुमत आल्यावर अ‍ॅम्कूनेही उंबरठ्याचा तोच नियम वापरला, आता बाहेर दुसरे. आणि नोव्हेंबर २०१८ पासून सोन्याच्या खाणीत केलेला संप पाच महिन्यांनी जवळजवळ त्याच करारावर मागे घेतला जो इतर युनियननी आधीच घेतला होता. ती माणसं पाच महिने उपाशी राहिली त्याचं उत्तर पुढाऱ्यांना द्यायला हवं होतं. लोनमिन २०१९ ला सिबान्ये या खाण कंपनीने घेतली. ३४ मृत्यूंसाठी आजवर एकाही पोलिसाला शिक्षा झालेली नाही.

एक राहिलं, युनियन आणि वकिलांनी नेटाने केलेलं काम पण सांगायला हवं. सोन्याच्या खाणीत धुळीने फुफ्फुसं गेलेल्यांचा सामूहिक दावा, २०१९ ला कोर्टाने पाच अब्ज रँडची तडजोड मंजूर केली, १९६५ नंतर काम केलेल्यांसाठी. लेसोथोच्या डोंगरातल्या गावांत जाऊन माणसं शोधतात, क्ष-किरण काढतात. बऱ्याच जागी माणूस गेलेला असतो, विधवा कागद घेऊन येते.

ऋतुजा_डर्बन
भूस्तर, मारिकानाच्या त्या ३४ जणांच्या घरच्यांचं काय झालं?

भूस्तर
कंपनीने प्रत्येक घरातल्या एकाला नोकरी देऊ केली. काही ठिकाणी भाऊ आला, काही ठिकाणी मुलगा, आणि बऱ्याच बायका स्वतः आल्या, पोरं आजीकडे गावी ठेवून. त्यातल्या काही साफसफाईला आहेत, काही खाली जातात. पहाटे चारला, खाणीत उतरवणाऱ्या पिंजऱ्याच्या रांगेत कमरेला बॅटरी, डोक्यावर दिवा, अंगात पुरुषांच्या मापाचा ओव्हरऑल, बाह्या दुमडलेल्या.